एटी२०२० ऑनलाईन मागवला, न ऐकताच

अभिवाचनासाठी ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा माईक घेतलाय आणि मी खूश आहे. सगळे म्हणत होते आधी पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानात जाऊन ऐकून घे, पण बाहेर हॉर्न, आत पंखा, अशा दुकानात हॅलो चेक करून माईकची स्वतःची सरसर कळणार कशी? स्वस्त माईकमध्ये खरा फरक तर तिथेच पडतो. त्यापेक्षा स्पेक शीट वाचा. एटी२०२० चा सेल्फ नॉईज, म्हणजे हीच सरसर, २० डीबी, रोड (Rode) कंपनीच्या नवीन एनटी१ माईकचा फक्त ४. वीतभर अंतरावरून बोलायचं असेल तर २० आरामात चालतो, आवाजाखाली झाकला जातो. तानपुरा किंवा हळू आवाजातली सतार घ्यायची असेल तर मात्र थांबा, पैसे साठवा आणि एनटी१ च घ्या.

दुसरं म्हणजे स, श, च. बऱ्याच स्वस्त कंडेन्सरमध्ये (एटी२०२० सारखे, बाहेरून वीज लागणारे नाजूक माईक) न्यूमनच्या यू८७ या नावाजलेल्या स्टुडिओ माईकसारखी कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, असते, पण ओरिजिनलमध्ये तीक्ष्ण, उंच आवाज खाली आणणारं जे सर्किट असतं ते यांच्यात बहुतेक वेळा नसतंच, मग "पाच-सात" म्हटलं की कानात टोचतं. म्हणून सँपल ऐकताना मराठी नाहीतर हिंदी बोलणारा माणूस शोधा, हेडफोन लावा, आणि दोन माईक ऐकताना व्हॉल्यूम सारखा करून ऐका कारण जो मोठा वाजतो तो उगाच भारी वाटतो. एटी२०२० उंच आवाजांत थोडा उजळ आहे पण टोचत नाही.

बॉक्समध्ये स्टँडची क्लिप आणि पाऊच मिळतो, एक्सएलआर केबल आणि पॉप फिल्टर वेगळे घ्यावे लागतात, माईक कॉम्प्युटरला जोडणारा आणि त्याला ४८ व्होल्ट वीज (फँटम) देणारा इंटरफेस तर हवाच. खालची घरघर कापणारा लो-कट स्विच नाहीये, त्यामुळे पाण्याच्या मोटरची घरघर येते, ती मी सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झच्या खाली कापते.

आणि कर्वे रोडला लागून फ्लॅट असेल, खोलीत गाद्या पडदे काही नसतील, तर कंडेन्सरच्या नादी लागूच नका, शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक, म्हणजे कमी नाजूक, माईक घ्या, अगदी ओठांजवळ धरून बोललं की रस्ता बराच मागे पडतो, फक्त इंटरफेसवर गेन, म्हणजे आवाज वाढवणं, जास्त लागतं.

ऑर्डर करायच्या आधी रिटर्न आहे का फक्त रिप्लेसमेंट, हे नीट वाचा. आवाज आवडला नाही तर रिप्लेसमेंटमध्ये परत तोच माईक येणार.