जंतांवर अल्बेंडाझोल की आयव्हरमेक्टिन?

म्हापशाहून वहिनीने विचारलं, पोराला जंत झालेत, 2021 ला कोविडसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन घरात आहे तेच देऊ का? वहिनी, नको गं, ते एक्सपायर झालं असणार. आणि 15 किलोखालच्या मुलांना ते सहसा देतच नाहीत, डोस वजनावर असतो, किलोला 200 मायक्रोग्रॅम. अल्बेंडाझोल सोपं, दोन वर्षांवरच्यांना 400 मिलिग्रॅमची एकच गोळी चावून, अंगणवाडीत-शाळेत फुकट मिळते. गोल जंतावर दोन्ही चालतात, पण हुकवर्मवर (आतड्यात रक्त शोषणारा जंत) आयव्हरमेक्टिन कमी पडतं. रात्री गुदद्वाराशी खाज म्हणजे पिनवर्म, अल्बेंडाझोल दोन आठवड्यांनी परत. खरूज किंवा स्ट्राँगिलॉइडिस (आतड्यातला आणखी एक जंत) असेल तर आयव्हरमेक्टिन, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. गरोदर बाईने विचारल्याशिवाय दोन्ही नको.