बोहरी आळीतला सेफ्टी वायर प्लायर: ८ महिन्यांनंतर

विमान देखभाल इंजिनियरच्या बी१.१ लायसन्सची तयारी करतोय. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पेपरात ७५ टक्क्यांच्या खाली गेलात की नापास, त्यामुळे सगळी मुलं पाठांतराला लागतात. मॉड्यूल ७, मेंटेनन्स प्रॅक्टिसेस, पाठ करून सुटेलही. पण प्रॅक्टिकलच्या टेबलावर हात उघडे पडतात. म्हणून पुण्यात रविवार पेठेत जाऊन हा ९ इंची प्लायर घेतला. साडेसातशे म्हणाला, सहाशेला दिला.

काम ऐकायला सोपं. बोल्ट थरथरून सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, पीळ घालायचा आणि शेजारच्या बोल्टला बांधायची. प्लायरने तार पकडून मागची मूठ ओढली की अख्खा प्लायर भिंगरीसारखा फिरतो. पहिला आठवडा मी नुसता फिरवतच बसलो होतो.

तिथेच फसलो. ०.०३२ इंची तारेला इंचाला ६ ते ८ पीळ हवेत. मूठ जोरात ओढली की सहज जास्त बसतात आणि तार कडक होऊन तुटते. शिवाय याचे दात तारेवर ओरखडे पाडायचे. सर भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "काप. नवी तार घे." एकदा वापरलेली तार पुन्हा चालत नाही. शेवटी पॉलिश पेपरने दात घासले, तेव्हा थांबलं.

पण एकदा पीळ वेणीसारखा सुरेख जमला, मी खूश. सरांनी बोट ठेवलं: तारेचा ओढा उलटा. बोल्ट आवळायच्या बाजूला ओढ हवी, मी तो सुटायची सोय करून ठेवली होती! प्लायरला दिशा कळत नाही. तेव्हापासून डोक्याभोवतीचा वेढा हातानेच घालतो, प्लायर नंतर. नवीन असाल तर पहिला महिना साध्या पकडीवर काढा, मग हा घ्या.

पाचव्या महिन्यात स्प्रिंग ढिली पडली. दुकानदार म्हणाला, "बिल कुठंय?" बिल कुणी दिलं होतं!

अजून एक तक्रार. कापलेलं टोक हा धरून ठेवत नाही, टणकन उडतं. असा तुकडा विमानात राहणं म्हणजे एफओडी, नुकसान करू शकणारी उपरी वस्तू, त्यामुळे तो सापडेपर्यंत सर टेबल सोडू देत नाहीत. परवा पाऊण तास शोधला. माझ्याच बुटाच्या तळात रुतला होता.