नायट्रेट-फॉस्फेटचं थेंबांचं किट: पंचगंगेच्या ओढ्यांवर किती कामाचं?

कोल्हापूरच्या पंचगंगेला उसाच्या शेतांतून येणारे ओढे मिळतात. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानांत नायट्रेट आणि फॉस्फेट मोजायची थेंबांची किट मिळतात. शेतातून ओढ्यात किती खत उतरतंय हे पाहायला ती चालतील का? नायट्रेटच्या किटला पाचपैकी चार गुण, फॉस्फेटच्या किटला दोन. आणि नमुना कुठला घ्यायचा हे कळत नसेल, तर दोन्हींना शून्य.

नायट्रेटची रीत सोपी आहे. नळीत ५ मिली पाणी, दोन्ही बाटल्यांचे सांगितलेले थेंब, नळी मिनिटभर हलवायची, पाच मिनिटांनी रंग जुळवायचा. चूक होते ती दुसऱ्या बाटलीत. तिच्यातली पूड तळाशी बसते आणि नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम तीच करते. बाटली आधी अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, तर भरपूर नायट्रेट असलेलं पाणीही स्वच्छ दिसतं. वरच्या आकड्यांचे लाल रंग एकसारखे भासतात. तिथे एक भाग नमुन्यात तीन भाग डिस्टिल्ड वॉटर घाला आणि आलेला आकडा चारपट करा. रंगपट्टीवर ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ (म्हणजे त्यातल्या फक्त नत्राचं वजन) हेही पाहा, दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिलं मिळतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा, लिटरला ४५ मिलिग्रॅम, ही नायट्रेटची आहे.

फॉस्फेटचं किट कमी पडतं ते मुळातच. पट्टीवर शून्यानंतरचा पहिला रंग बहुधा लिटरला ०.२५ मिलिग्रॅम फॉस्फेटचा असतो, म्हणजे फॉस्फरस सुमारे ०.०८. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात शेवाळ माजायला ०.०३ सुद्धा पुरतो. कोल्हापुरातल्या रंकाळ्यासारख्या तळ्यात किट शून्य दाखवील आणि पाणी हिरवं असेल, कारण विरघळलेला फॉस्फेट शेवाळानं आणि केंदाळानं आधीच ओढून घेतलेला असतो. पावसाळ्यात तर मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस हे किट मोजतच नाही. गढूळ पाणी गाळलं, की तो गाळणीवर राहतो. त्यासाठी प्रयोगशाळेत ‘एकूण फॉस्फरस’ मागून घ्या. नळ्या साबणाने धुऊ नका, साबणातलाच फॉस्फेट मोजला जाईल.

आता जागा. ऊस किती एकर आहे यापेक्षा तो ओढ्याशी कसा मांडलाय हे महत्त्वाचं. सऱ्या उताराच्या दिशेने थेट ओढ्याकडे उतरत असतील, तर भरणीनंतरच्या (उसाला माती चढवल्यानंतरच्या) पहिल्या मोठ्या पावसात माती आणि तिच्यासोबत फॉस्फरस सरळ पाण्यात. मध्ये दाट गवताचा, करंज-जांभळाचा पट्टा असेल तर माती तिथे अडते. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून जमिनीखालून झिरपतं. ते कमी होतं फक्त ओल्या, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीतून मुळांजवळून गेलं तर. तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत निचऱ्याच्या सच्छिद्र पाइपा घातल्या, की पाणी हा पट्टा खालून टाळून नाल्यात पडतं. तिथे नमुना पाइपच्या तोंडाशीच घ्यावा लागतो. आणि पट्टा नदीकाठी लावून उपयोग थोडा. जमिनीशी खरा संबंध लहान ओघळींचा असतो, सुरुवात तिथून हवी.

म्हणून एका ओढ्यावर निदान दोन ठिकाणं: उसाच्या वर आणि उसाच्या खाली, एकाच दिवशी, प्रत्येकी तीनदा. जूनचा पहिला लोंढा, जुलैचा जोर आणि फेब्रुवारीची उणी धार, हे तिन्ही पकडा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यासारख्या ठिकाणी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर जे साचतं, ते वरच्या सगळ्याचं मिश्रण. त्यातून दोष कुणाचा ते निघत नाही. शहरातल्या जयंती नाल्यासारख्या सांडपाण्याच्या प्रवाहावर फक्त नायट्रेटचं किट वापरलं तर मोठी फसगत होते. सांडपाण्यातलं नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतं. आकडा कमी येतो, पाणी मात्र घाणच. तिथे अमोनियाचं किट वेगळं घ्या.

आकडा एकटा सोडू नका, प्रवाहाने गुणा. ओढा १ मीटर रुंद, १० सेंमी खोल, वेग सेकंदाला १० सेंमी, म्हणजे सेकंदाला १० लिटर. त्यात लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर दिवसाला १७ किलो नायट्रेट, म्हणजे जवळपास ४ किलो नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. पाच-सहा दिवसांत एक पोतं वाहून गेलं! शेतकऱ्याशी बोलताना हाच हिशेब द्या, मिलिग्रॅम नको.

बाटल्यांवरची मुदत पाहूनच किट घ्या. तपासलेलं पाणी ओढ्यात ओतू नका, झाकणाच्या बरणीत साठवा. रसायनांत आम्ल असतं.