सौर पंख की अणुबॅटरी? आधी सावली मोजा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला धूमकेतूच्या यानाचा प्रोजेक्ट घेतलेल्या मुलांचं पहिलं भांडण विजेवरून होतं. कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "गुरूपर्यंत गेलं की सोलर संपलं, अणुबॅटरीच लागणार." हा नियम आता जुना झालाय. अंतराआधी मी एकच विचारेन: तुमचं यान सलग किती तास अंधारात राहणार आहे?

गुरूपाशी पृथ्वीच्या मानाने जेमतेम ४ टक्के ऊन पोचतं, हे खरंच. गुरूला गेलेल्या नासाच्या जुनो यानाला सुमारे ९ मीटर लांबीचे तीन पंख आहेत. पृथ्वीजवळ त्यांतून १४ किलोवॅट मिळाली असती, तीच २०१६ मध्ये गुरूपाशी ५०० वॅटवर आली. घरातला मिक्सर चालेल एवढी! तेवढ्यात अख्खं यान चाललं. धूमकेतूला गेलेल्या युरोपच्या रोझेटा यानाचे पंख ३२ मीटर पसरलेले, तरी प्रवासाच्या सर्वांत लांबच्या टप्प्यात वीज पुरणार नव्हती. मग जून २०११ ते जानेवारी २०१४ असे ३१ महिने कॉम्प्युटर आणि काही हीटर सोडून जवळपास सगळं बंद ठेवलं. अशी झोप डिझाइनमध्येच धरलेली असावी लागते, नंतर सुचून उपयोग नाही.

सावलीला मात्र असा तोडगा नसतो. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर आली तरी सगळ्या ओळीची वीज पडते, आणि इथे तर अख्खा ग्रह आडवा येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये जुनो सुमारे १२ तास गुरूच्या सावलीत सापडणार होतं. बॅटरी तेवढी टिकली नसती आणि यान गारठून मेलं असतं. म्हणून सप्टेंबरअखेर छोटे थ्रस्टर साडेदहा तास चालवून कक्षाच सरकवली. आपलं मंगळयान इतकं सुदैवी नव्हतं; एप्रिल २०२२ मधल्या लांबलचक ग्रहणानंतर त्याच्याशी संपर्क तुटला.

अणुबॅटरीला, म्हणजे किरणोत्सारी प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज बनवणाऱ्या आरटीजीला, ऊन असलं काय नि नसलं काय. प्लुटोनियम-२३८ची उष्णता निम्मी व्हायला जवळपास ८८ वर्षं लागतात. तिच्यातली ६-७ टक्केच वीज होते, पण उरलेली उष्णता वाया जात नाही, तिच्यावर यंत्रं ऊबदार ठेवता येतात. प्लुटोला गेलेलं न्यू होरायझन्स यान २००६ मध्ये निघालं तेव्हा साधारण २४५ वॅट होती, २०१५ मध्ये प्लुटोपाशी २००च्या आसपास. तिथे सौर पंखांचा विचारही करू नका.

मग सगळीकडे हीच का नको? कारण माल मिळत नाही. शनीला गेलेल्या कॅसिनी यानात ३३ किलोच्या आसपास प्लुटोनियम होतं. अमेरिकेने त्याचं उत्पादन १९८८ मध्ये थांबवलं, आणि २०१५ मध्ये पुन्हा हाती आलं ते ५० ग्रॅम! शिवाय उड्डाणाआधी सुरक्षेच्या परवानग्या लागतात. कॅसिनीच्या वेळी तर किरणोत्साराच्या भीतीने लोक रस्त्यावर उतरले होते.

मधली एक वाट मुलं विसरतात: वीज सोलरची आणि ऊब किरणोत्सारी हीटरची. चांद्रयान-३च्या, चंद्रापर्यंत नेणाऱ्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये असे दोन छोटे हीटर होते, चंद्रावर उतरलेल्या विक्रम आणि प्रज्ञानमध्ये नव्हते. ती दोघं चंद्रावरच्या पहिल्या रात्रीनंतर उठली नाहीत.

तुमच्या धूमकेतूसाठी माझं मत सांगतो. फिरणाऱ्या यानाला सौर पंखच द्या; छोट्या धूमकेतूची सावली पडली तरी ती टाळत फिरता येतं. शनीच्या पुढे जाणार असाल तरच आरटीजी मागा. खरी पंचाईत उतरणाऱ्या यानाची. रोझेटाने धूमकेतूवर सोडलेलं छोटं यान फिले २०१४ मध्ये उसळ्या मारत एका कड्याच्या आडोशाला जाऊन पडलं. दिवसातले ६-७ तास ऊन मिळेल असा हिशोब होता, मिळालं दीड तास. तरी बरंच काम झालं, कारण पहिल्या अडीच दिवसांचं वेळापत्रक रिचार्ज न होणाऱ्या बॅटरीवर बेतलेलं होतं. तुम्हीही उतरल्यावरचे महत्त्वाचे प्रयोग तशाच बॅटरीवर ठेवा, पॅनेल वरकड समजा.