घनतेच्या प्रयोगाचा संच: नळकांडे उत्तम, कार्ड मात्र बदला

सहावीच्या वर्गासाठी हा संच मागवला. १०० मिलीचे पारदर्शक मोजपात्र, लांब चोचीचे ड्रॉपर आणि सूचनांचे कार्ड, एवढाच ऐवज. मोजपात्र मला मनापासून आवडले. बूड रुंद आहे, बाकाला धक्का लागला तरी कलंडत नाही. खुणा कोरलेल्या असल्यामुळे धुऊन पुसट होत नाहीत.

ड्रॉपर तर या संचाचा जीव आहे. तळाशी रंगवलेले साखरेचे दाट पाणी घ्यायचे, मग ड्रॉपरची चोच काचेसारख्या भिंतीला टेकवून साधे पाणी थेंबथेंब सोडायचे. दोघांमधली रेघ इतकी स्वच्छ उमटते की मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येतात. साखर वजनाने २० टक्के असेल तर त्या पाण्याची घनता साधारण १.०८ ग्रॅम प्रति मिली भरते, साध्या पाण्याची जवळपास १. एवढा फरक थर टिकवायला पुरतो.

कार्डावर मात्र दूध आणि संत्र्याचा रस एकावर एक ओतायला सांगितले आहे. हे चूक आहे. दोन्हींची घनता १.०३ ते १.०४च्या आसपास, शिवाय आंबट रसाने दूध फाटते. सोड्याची पेयेही वायू काढल्याशिवाय वापरू नका, बुडबुडे सगळे ढवळून टाकतात.

वजनकाटा संचात नाही, तो हवाच होता. १०० मिली पेय तोलले की घनता मुले स्वतः काढतात.

पाचपैकी चार तारे.