जुनी गाडी स्पर्धेत उभी करायची की गगनबावड्याला न्यायची?

घरात १९६०-७० च्या दशकातली फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, हेराल्ड किंवा विलीस जीप पडून आहे आणि आता ती ‘नीट करून घ्यायची’ असं घरात ठरलंय. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, आधी गाडी होऊ दे तरी, मग बघू. पण स्पर्धेची गाडी आणि चालवायची गाडी यांच्या वाटा पहिला बोल्ट सोडवतानाच वेगळ्या होतात. रंग वेगळा, टायर वेगळे, इंजिनाच्या पोटात घालायचे भाग वेगळे, आरटीओतले कागदसुद्धा वेगळे. माझा कल लपवत नाही. कोल्हापुरात राहणाऱ्यानं बहुतेक वेळा चालवायचीच गाडी करावी. अपवाद थोडे आहेत, पण तिथं निर्णय चुकला तर पैसे ओतूनही मागं येता येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहितो.

परीक्षक काय बघतात

जुन्या गाड्यांच्या मानाच्या स्पर्धेला कॉन्कोर्स म्हणतात. इटलीतल्या कोमो तळ्याकाठची व्हिला देस्तेची स्पर्धा १९२९ पासूनची, कॅलिफोर्नियातली पेबल बीचची १९५० पासूनची. आपल्याकडं दिल्लीत ‘स्टेट्समन’ दैनिकाची रॅली १९६४ ला सुरू झाली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत कार्टिए, ट्वेंटीवन गन सॅल्यूट अशा कॉन्कोर्स धर्तीच्या स्पर्धाही झाल्या.

गुण देण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. काही ठिकाणी रूप आणि घाट यांना जास्त वजन, तर काही ठिकाणी गाडी शंभर गुणांवर सुरू होते आणि दोष दिसेल तसे गुण कापले जातात. दुसऱ्या पद्धतीत कसोटी एकच: कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हा गाडी कशी होती? सपाट खाचेचा स्क्रू होता तिथं चौफुलीचा दिसला की गुण गेला. वायरिंगवर कापडी वेष्टण होतं तिथं प्लॅस्टिक, होजपाईपवर आजची क्लिप, डिकीत मूळचा जॅक आणि पान्यांचा संच नाही, असं एकेक करत आकडा खाली येतो. गंमत म्हणजे गाडी गरजेपेक्षा जास्त चकचकीत केली तरी जाणकार परीक्षक नाक मुरडतो. त्या काळच्या कारखान्यात असला आरशासारखा रंग निघतच नव्हता.

म्हणजे सीट बेल्ट, हॅलोजन दिवे, रेडियल टायर, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, रेडिएटरपुढं इलेक्ट्रिक पंखा, हे सगळं तिथं वजाबाकीत जातं. आणि गाडी कोल्हापूरच्या रस्त्यावर आणायची तर नेमकं हेच सगळं लागतं.

रस्ता

आपल्याला घाट काही लांब नाहीत. पन्हाळा विसेक किलोमीटर, पण शेवटचा चढ इंजिनाची परीक्षा घेतो. गगनबावडा पंचावन्नच्या आसपास, आणि तिथून करूळ किंवा भुईबावड्यानं कोकणात उतरायचं म्हटलं की ब्रेकची परीक्षा. राधानगरी, दाजीपूर करत फोंड्याला जा, नाहीतर मलकापूरवरून आंब्याला. रविवारी सकाळी अशा रस्त्यानं जुनी गाडी घेऊन निघण्यासारखं सुख नाही. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आजच्या गाडीसारखी उतरवता येत नाही. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबायला तयार होत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथं जसाच्या तसा लागू आहे. त्यातून या गाड्यांत पहिल्या गिअरला बहुधा सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पडू देणारी सोय, नसतो. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलात तर गिअरबॉक्स अख्ख्या घाटाला ऐकू जाईल.

हंगामही बघावा लागतो. जून ते सप्टेंबर गगनबावड्याकडं पाऊस असा कोसळतो की ओले ड्रम आणि तोकडे वायपर घेऊन तिकडं जाणं म्हणजे हौस नव्हे, हट्ट. नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्यातल्या कितींना मागं दिवा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. सहा व्होल्टच्या किंवा जुन्या बारा व्होल्टच्या पिवळट दिव्यांवर रात्री करवीर-कागलच्या रस्त्यांना फिरणं मी तरी टाळीन. मूळ दिवे जपायचे असतील तर संध्याकाळी सहाच्या आत घरी यायचं. ते जमत नसेल तर दिवे बदलायचे.

इंधनाचा मुद्दा तर थेट आपल्या शिवारातून येतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलसाठी ऊस पिकवणाऱ्यांत आपला जिल्हा पुढं आहे. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि इंजिनावरच्या छोट्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा या इंधनासाठी बनलेलेच नव्हते. रबर फुगतं, चिरतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढत असल्यामुळं टाकीला आतून गंज धरतो. गाडी नेहमी चालत असेल तर पेट्रोल खेळतं राहतं, पाईप बदलले की भागतं. शोची गाडी महिनोन्‌महिने उभी, तिच्या टाकीत हेच पेट्रोल साचून राहिलं की कार्बोरेटरचे जेट बुजतात. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशातून गेलं, आणि जुन्या इंजिनातल्या मऊ व्हॉल्व्ह सीटना झिजेपासून वाचवणारं शिसंही गेलं. त्यामुळं गाडी खरोखर पळवायची असेल तर हेड उतरवलेलंच आहे तेव्हा कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्यावेत. परीक्षकाला ते दिसत नाहीत, पण मैदानात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्यांची गरजही नाही.

उद्यमनगर हे खरं कारण

माझा कल चालवण्याकडं आहे याचं अर्धं कारण हे शहर आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारी माणसं हाकेच्या अंतरावर. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या. पिन झिजली, बुश गेलं, पाण्याच्या पंपाची बॉडी फुटली, तर जुना भाग हातात घेऊन जायचं. कारागीर तो उलटसुलट बघतो, चहा मागवतो आणि म्हणतो, “हुतंय की, परवा या.” आणि परवा नाही तर तेरवा तो भाग खरंच तयार असतो, कधी मूळच्यापेक्षा दणकट. दुसऱ्या शहरातले हौशी लोक एका बुशासाठी महिनोन्‌महिने परगावी फोन करत बसतात.

पण हीच सोय स्पर्धेत फारशी उपयोगी पडत नाही. तिथं गाडी अडते ती बुशापाशी नाही. अडते मूळ काचेवरच्या कंपनीच्या खुणेपाशी, बॉनेटवरच्या बिल्ल्यापाशी, क्रोमच्या पट्टीपाशी, डॅशबोर्डच्या गोल घड्याळापाशी. या वस्तू लेथवर होत नाहीत. त्या मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाच्या माळ्यावर शोधाव्या लागतात, आणि समोरच्याला तुमची नड कळली की किंमत तिथंच चढते. शिवाय अशा स्पर्धा सहसा मोठ्या शहरांत भरतात. पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं, मुंबई पावणेचारशेच्या आसपास. रंगावर एक खडा उडू नये म्हणून गाडी बंद ट्रकमधून किंवा कॅरिअरवर न्यायची, बरोबर पुसायला दोन माणसं, राहणं, खाणं. घरापासून फार तर पेट्रोल पंपापर्यंत गेलेली गाडी पुण्याला ट्रकमधून जाते, हे मला कधी पटलं नाही. पण ज्याची त्याची हौस.

रंग आणि पत्रा

यात फार खोल जात नाही. चालवायच्या गाडीला आजचा टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंग उत्तम, ऊनपाऊस झेलतो आणि ओरखडा पडला तर तेवढाच भाग करून घेता येतो. स्पर्धेसाठी जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाची मऊ चमक हवी, आणि तीही कंपनीच्या त्या वर्षीच्या रंगपत्रकातल्याच छटेची. दोन्हीकडं पुट्टीवर मात्र नजर ठेवा. पुट्टीखाली झाकलेला गंज आपल्या पावसाळ्यात दोन वर्षांत फुगून वर येतो, मग गाडी मैदानात असो नाहीतर घाटात.

कागद

इथं सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून सविस्तर. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढं दर ५ वर्षांनी ५,००० रुपये. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

ऐकायला गोड वाटतं. अट पुढं आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. रविवारी सहकुटुंब गगनबावडा या यादीत नाही. मिसळ खायला जाणंही नाही. व्हिंटेज नोंदणी केली की तुम्ही शोच्या बाजूला गेलात, मग मनात काहीही असो.

चालवायची गाडी साध्या खासगी नोंदणीवरच ठेवा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी, विमा. नूतनीकरणाची फी अलीकडं वाढत चालली आहे आणि कटकट आहेच, पण गाडी तुमच्या मर्जीनं फिरते. विम्यात ५ वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. तेव्हा फोटो आणि खर्चाची बिलं पुढं ठेवून भांडून घ्या, नाहीतर कंपनी भंगाराचा भाव लावून मोकळी होते.

एक सूचना दोघांनाही. गाडी उभी राहिली की पाव्हणेरावळे लग्नाच्या वरातीसाठी मागायला येणारच. घरच्या लग्नाला खुशाल द्या. भाडं घेतलंत तर ते खासगी नोंदणीतही बसत नाही आणि व्हिंटेजमध्ये तर मुळीच नाही.

मग स्पर्धेची वाट कुणी धरावी?

ज्याच्या गाडीला कुणी हात लावलेला नाही त्यानं. मूळ रंग, विटलेला का असेना, मूळ सीटकव्हर, मूळ इंजिन, पहिल्या मालकाचं आरसी बुक. अशा गाडीचं ‘रिस्टोरेशन’ करणं म्हणजे तिचं मोल घालवणं. जगभरच्या स्पर्धांत आता न सजवलेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. रंग एकदा खरवडला की ती संधी कायमची गेली. त्यामुळं आधी पत्र्याच्या आतल्या बाजूचे, चासी नंबरचे, इंजिन नंबरचे फोटो काढा, जाणकाराला दाखवा आणि मगच मिस्त्रीला सॅंडपेपर काढू द्या.

दुसरे, ज्यांच्याकडं देशात मोजक्याच उरलेल्या गाड्या आहेत ते. तिथं उद्यमनगरचा तात्पुरता उपाय चालत नाही.

ज्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये किंवा जीपमध्ये कधीतरी डिझेल इंजिन बसवलंय, आणि आपल्या भागात अशा पुष्कळ आहेत, तिचा स्पर्धेशी संबंध संपला. ती बिनधास्त चालवा. नंतर फेरफार करणाऱ्यांनीही एवढं पाळावं: काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नये. डायनॅमो, जुने दिवे, मूळ रिम खोक्यात बांधून ठेवा. विकायची वेळ आली तर त्या खोक्याचे वेगळे पैसे येतात, आणि मन बदललं तर परतीचा रस्ता उघडा राहतो.

दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो का? थोडाफार. पेबल बीचला १९९८ पासून स्पर्धेआधी गाड्यांची रस्त्यावरची फेरी असते. वर्गात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले तर फेरी पूर्ण करणारी गाडी वरचढ ठरते, म्हणजे तिथल्या लोकांनाही नुसत्या उभ्या गाड्यांचा कंटाळा आलेला दिसतो. आणि आपल्या दसऱ्याचं घ्या. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा लोक माना उंचावतात, कारण ती स्वतःच्या चाकांवर येते.

शोच्या गाडीवाल्यांनी निदान एवढं करावं: इंजिन पाच मिनिटं सुरू करून बंद करू नये. तेवढ्यात ते धड तापत नाही, ज्वलनातून झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात राहतं आणि गंज आतून खातो. पंधरवड्याला अर्धा तास तरी गाडी चाकांवर फिरली पाहिजे, नाहीतर ब्रेकची रबरं चिकटतात आणि टायर एका जागी चपटे होतात. व्हिंटेज नोंदणी असेल तर हा अर्धा तास देखभालीत बसवा, आणि गाडी गॅरेजपर्यंत खरंच न्या.