गडचिरोली की सिंधुदुर्ग? विरळ वस्तीचा जिल्हा निवडताना

सरकारी नोकरीत जिल्ह्यांच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरायची वेळ आली की दरवर्षी ओळखीतली दोन-चार मुलं फोन करतात. "काका, पुण्या-मुंबईची गर्दी नको वाटते. शांत जिल्हा सांगा." राज्यात शांत जिल्हा म्हटलं की दोनच नावं पुढे येतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येच्या घनतेत महाराष्ट्रात सर्वांत शेवटी गडचिरोली होता, दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं. त्याच्या वरच सिंधुदुर्ग, १६३. राज्याची सरासरी ३६५. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजही हेच आकडे हाताशी आहेत.

मी कृषी खात्यात होतो. नोकरीची सुरुवातीची सहा वर्षं अहेरी भागात गेली आणि निवृत्तीपूर्वीची चार कुडाळ-वेंगुर्ल्यात. दोन्ही ठिकाणी भाड्याच्या घरात राहिलो, दोन्ही ठिकाणचं पाणी प्यायलो, दोन्ही ठिकाणची माणसं जिवाला लावून घेतली. म्हणून सांगतो, घनतेचा आकडा पाहून निवड करू नका. दोन्ही जिल्हे विरळ आहेत, पण त्यांची कारणं अगदी वेगळी आहेत, आणि तिथे राहायला गेलात की तुम्हाला खरा अनुभव त्या कारणाचा येतो.

गडचिरोली विरळ आहे तो जंगलामुळे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांश भाग वन. उरलेल्या जागेत गावं, धानाची शेती आणि नद्या. दोन गावांच्या मध्ये दहा-बारा किलोमीटर नुसतं रान लागतं, पण गावात शिरलात की गाव भरलेलं असतं. अंगणात पोरं, विहिरीवर बाया, झाडाखाली म्हातारे, संध्याकाळी ढोल. २००१ ते २०११ या दहा वर्षांत इथली लोकसंख्या ९ लाख ७० हजारांवरून १० लाख ७२ हजारांवर गेली.

सिंधुदुर्ग विरळ होत गेला तो माणसं निघून गेल्यामुळे. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, म्हणजे गडचिरोलीत जवळजवळ पावणेतीन सिंधुदुर्ग मावतील. इथे दोन वाड्यांच्या मध्ये फार तर एक सडा, म्हणजे कातळाचं माळरान, किंवा एक व्हाळ, म्हणजे ओढा. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी घरं जवळ. पण त्याच दहा वर्षांत लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हाही त्याच गोष्टीचा पुरावा. कर्ता माणूस मुंबईला, मागे आई किंवा बायको.

मी वेंगुर्ल्याजवळ ज्या वाडीत राहत होतो तिथे अकरा घरं होती. गणपतीत अकराही घरांत समई पेटायची, आरत्या, भजनं, मध्यरात्रीपर्यंत फुगड्या. विसर्जन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुडाळ स्टेशनवर तांदळाच्या पिशव्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, काजूगर घेऊन चाकरमानी गाडीत बसायचे. आठवड्याभरात वाडीत चारच घरांत दिवा. शेजारची काकी कुलुपं लावलेल्या तीन घरांच्या किल्ल्या आपल्या देवघरातल्या खुंटीवर टांगून ठेवायची. अमावास्येला जाऊन ती दारं उघडायची, केर काढायची, वाळवी आली का बघायची. संध्याकाळी पडवीत बसून मला विचारायची, "आज उशीर झालो? खंय गेललास?" दिवसभरात तिला बोलायला मिळालेला मी बऱ्याचदा पहिलाच माणूस असायचो.

पाऊस आणि पाणी

लोकांना वाटतं, कोकणात पाऊस जास्त म्हणजे त्रासही तिथेच जास्त. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. गडचिरोलीत सिंधुदुर्गाच्या निम्म्याच्याही आत. तरीही पावसाने माणूस अडकून पडतो तो गडचिरोलीत.

याचं कारण नद्यांच्या लांबीत आहे. सिंधुदुर्गातल्या कर्ली, गड, तेरेखोल या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि शंभर किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. पूर येतो, बाजारपेठेत पाणी शिरतं, नुकसान होतं, पण पाऊस थांबला आणि ओहोटी लागली की पाणी उतरायला लागतं. गडचिरोलीच्या नद्या दूरवरून येतात. वैनगंगा मध्य प्रदेशातून, इंद्रावती ओडिशातून, गोदावरी थेट नाशिककडून. वैनगंगेला वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. तुमच्या गावात ऊन पडलेलं असतं आणि तरी पाणी चढत असतं, कारण गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडलेले असतात किंवा छत्तीसगडात धो-धो पाऊस झालेला असतो. भामरागडला तर इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात. इंद्रावती फुगली की ती पर्लकोटेचं पाणी मागे रेटते आणि गावाचा संपर्क तुटतो. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत काही महिन्यांचं धान्य पोहोचवून ठेवतात. गरोदर बाईला तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरा'त आणून ठेवतात, कारण कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडता येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. घरात लहान मूल असेल किंवा होणार असेल, तर ही एक गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी विचारात घ्या.

सिंधुदुर्गात पाण्याचा प्रश्न उलटा आहे. एवढा पाऊस पडूनही जांभा दगड आणि उतार यामुळे पाणी धरून राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या वाड्यांत विहिरी तळाला जातात. घर भाड्याने घेताना घरमालक विहीर दाखवेल. ती मे महिन्यात कशी असते, हे शेजाऱ्याला विचारा.

ऊन, दमट हवा आणि आजार

गडचिरोलीचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही, हे तिथे शरीरच शिकवतं. पण उन्हाळ्याची पहाट तिथेच अनुभवावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. चार वाजता बाया-पोरी टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात आणि सगळ्या रानाला तो गोड, जड वास असतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. अख्खं कुटुंब सकाळी पानं तोडून आणतं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतं. त्या पंधरा-वीस दिवसांत सरकारी कामाला माणूस भेटत नाही, हे नव्या कर्मचाऱ्याने मनाशी धरावं आणि बैठका त्यानुसार ठरवाव्यात. हिवाळा कोरडा आणि सुखाचा. शेकोटीशिवाय रात्र जात नाही.

सिंधुदुर्गात तापमान क्वचितच चाळिशीजवळ जातं, पण घाम अंगावरून हटत नाही. पावसाळ्यात चार महिने कपडे नीट वाळत नाहीत. माझी चामड्याची बॅग पहिल्याच श्रावणात पांढरी झाली, पुस्तकांच्या कडांना बुरशी धरली. सांधेदुखी किंवा दमा असलेल्या माणसाला ही हवा मानवत नाही. माझ्या आईला मानवली नाही, तिला जुलै-ऑगस्टमध्ये भावाकडे पाठवावं लागायचं.

आजारांचंही तसंच. गडचिरोलीत हिवताप. राज्यातल्या सर्वाधिक रुग्णांच्या जिल्ह्यांत हा वर्षानुवर्षं आहे. मच्छरदाणी रोज लावायची, एकही दिवस चुकवायची नाही. ताप आला की रक्त तपासायचं, गोळी अंदाजाने घ्यायची नाही. सिंधुदुर्गात भाताच्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आणि २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात काजूच्या बागांच्या आसपास माकडताप. दवाखान्याच्या बाबतीत सिंधुदुर्ग बराच पुढे. गंभीर रुग्णाला दोन तासांत गोव्यात बांबोळीला नेता येतं. गडचिरोलीच्या उत्तरेकडून नागपूर गाठता येतं, पण भामरागड-सिरोंच्यातून तो दिवसभराचा प्रवास आहे, म्हणून सिरोंच्याचे लोक नदी ओलांडून तेलंगणात जातात. शोधग्राम आणि हेमलकसा इथल्या संस्थांनी या जिल्ह्यात जे काम उभं केलं ते मी जवळून पाहिलं आहे. पण दोन संस्थांनी चौदा हजार चौरस किलोमीटर झाकले जात नाहीत.

अंतर, बोली, जमीन

सिंधुदुर्गाचं मुख्यालय ओरोस. तिथून निघालात की जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्याला दोन तासांच्या आत पोहोचता. कोकण रेल्वे १९९८ पासून आहे, चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला. गडचिरोली शहरापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर, आणि त्यातला आलापल्लीच्या पुढचा रस्ता पाठीचा कस पाहणारा. जिल्ह्यात रेल्वे फक्त देसाईगंजला, म्हणजे वडसाला. म्हणून 'गडचिरोली हवं' एवढं म्हणून भागत नाही. वडसा, आरमोरी हा भाग पूर्व विदर्भातल्या कुठल्याही धानपट्ट्यासारखा आहे. एटापल्ली, भामरागड हे वेगळं जग आहे.

भाषेचा धसका घेऊ नका, पण तयारी ठेवा. उत्तरेत झाडीबोली, पूर्वेला छत्तीसगढी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची बंगाली. जिल्ह्यात दर शंभरात अडतीस-एकोणचाळीस लोक आदिवासी. 'जोहार' म्हणून सुरुवात केली आणि वर्षभरात माडियाचे शंभर शब्द शिकलात तर गाव तुम्हाला आपलं म्हणतं. सिंधुदुर्गात मालवणी आठ दिवसांत कळायला लागते, बोलायला वर्ष लागतं. आणि तोपर्यंत तुम्ही 'घाटी', म्हणजे घाटावरचेच राहता. त्यात राग नसतो, पण आत यायला वेळ लागतो.

नक्षलवादाचं विचारल्याशिवाय कुणाचाही फोन संपत नाही. माझ्या काळी भीती खरी होती. आज परिस्थिती पार बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरिष्ठ नेता भूपतीने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता तिथल्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या बोलण्यात वाघ, हत्ती आणि सुरजागडच्या लोहखाणीचे ट्रक जास्त असतात. हत्तींच्या बाबतीत दोन्ही जिल्हे एकाच वळणावर आहेत. सिंधुदुर्गात ते २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात उतरले, गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडातून आले. आपल्या दोन्ही टोकांना शेतकरी रात्री डबे वाजवत जागतो आहे. त्याची भरपाई वेळेवर पोहोचावी यासाठी जो कर्मचारी धडपडेल, तो दोन्हीकडे देवासारखा वाटेल.

स्थायिक व्हायचा विचार असेल तर जमिनीचं आधी समजून घ्या. गडचिरोलीत आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि घेता येऊ नये असंच माझं मत आहे. तिथला सामुदायिक वनहक्क, म्हणजे गावाचा आपल्या जंगलावरचा हक्क, ही फार मोलाची गोष्ट आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये तो मिळाला आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. सिंधुदुर्गात कायद्याची आडकाठी कमी, पण एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोघं-तिघं वारलेले आणि वारस नोंद झालेली नाही. व्यवहार चार-चार वर्षं रखडतात. हापूस आणि काजूची बाग नावावर हवी म्हणून आलेले किती तरी जण मी हताश होऊन परतताना पाहिले.

माझं मत विचाराल तर, वय तिशीच्या आसपास, आई-वडील धडधाकट, जोडीदार सोबत यायला तयार, अशांनी गडचिरोली वर लिहावं. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या वेतनश्रेणीचा लाभ आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या कामाचा परिणाम तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. एका गावात मी ठरावीक अंतरावर एकेक रोप लावायच्या 'श्री' पद्धतीने धानाची रोवणी करून दाखवली, पुढच्या वर्षी अख्ख्या टोल्याने, म्हणजे वस्तीने, दोरी धरून ओळीत रोवलं. तशी हंगामाभराची खुशी मला नंतर कुठेच मिळाली नाही. घरात आजारी माणूस असेल, मुलं आठवी-नववीत असतील, तर सिंधुदुर्ग. शाळा चांगल्या, साक्षरता ८५ टक्क्यांवर, आणि गाडी हाताशी. मात्र संध्याकाळचं एकटेपण तिथे जास्त आहे, हे लक्षात ठेवून जा.

अर्ज भरण्याआधी दोन्हीकडे एकदा जाऊन या, आणि पर्यटकांच्या मोसमात जाऊ नका. भामरागडला जुलैच्या शेवटी जा, पर्लकोटेच्या काठावर उभे राहा आणि पलीकडे दवाखान्यात जायला थांबलेल्या माणसांशी बोला. सिंधुदुर्गात विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी जा. दिवेलागणीला कुठल्याही वाडीतून चालत निघा आणि किती घरांत उजेड आहे ते मोजा.